सिंगापूरची क्रूझ, सात माणसं आणि पोटाचा आजार

प्रश्न: वडिलांची साठी झाली म्हणून आम्ही घरातली सात माणसं सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझला निघालो आहोत. वडिलांना शुगर, आईला बीपी आणि धाकट्या बहिणीचा मुलगा चार वर्षांचा. जहाजावर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या वाचल्यापासून आई म्हणते, पैसे बुडाले तरी चालतील, पण जायला नको. मी सॅनिटायझरच्या आठ बाटल्या घेऊन ठेवल्यात, तेवढ्या पुरतील का? ओळखीचे एक जण क्रूझ करून आलेत. ते सांगतात, पोट बिघडलं तर कुणाला कळू देऊ नका, "खोलीत कोंडून ठेवतेत." परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी घरी सत्यनारायण आहे. साठ माणसांचा स्वयंपाक आई आणि मी करणार आहोत. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, परभणी

उत्तर: ताई, क्रूझ रद्द करू नका. मात्र दोन गोष्टी आजच डोक्यातून काढून टाका: सॅनिटायझरवरचा भरवसा आणि "कळू देऊ नका" हा सल्ला. सत्यनारायणाच्या तारखेचाही फेरविचार करावा लागेल, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

जहाजावरच्या अशा साथींमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक इथल्या एका शाळेत साथ आली होती. तिथल्या नमुन्यांत १९७२ मध्ये हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसला. तो पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांत एकाएकी उलट्या सुरू होतात, पाण्यासारखे जुलाब होतात, पोटात कळा येतात, अंग दुखतं, कधी बारीक ताप येतो. एक ते तीन दिवसांत बहुतेक माणसं आपोआप बरी होतात. धडधाकट माणसाचे हाल होतात, पण तो सावरतो. तुमच्या आई-वडिलांना आणि भाच्याला खरा धोका आहे तो अंगातलं पाणी आणि क्षार कमी होण्याचा, आणि तो टाळणं तुमच्या हातात आहे.

बातम्या जहाजांच्याच का येतात, हेही आईंना सांगा. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या क्रूझ जहाजांना पोटाच्या आजाराचा प्रत्येक रुग्ण नोंदवावा लागतो. एका सफरीत ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की तिथली आरोग्य यंत्रणा सीडीसी त्या जहाजाचं नाव जाहीर करते. म्हणजे दोन हजार प्रवाशांच्या जहाजावर साठ जण आजारी पडले तरी बातमी होते. आपल्याकडे लग्नाच्या जेवणानंतर साठ जणांचं पोट बिघडलं तर "उन्हाचं जेवण बाधलं" म्हणून विषय संपतो. सीडीसीच्याच नोंदींनुसार नोरोव्हायरसच्या सगळ्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी साधारण १ टक्का आहेत. दवाखाने आणि वृद्धांची निवासस्थानं यांत त्या कितीतरी जास्त होतात.

म्हणून जहाज निर्धोक आहे असं मात्र नाही. हजारो माणसं तेच कठडे, त्याच लिफ्टची बटणं आणि बुफेतले तेच डाव-चिमटे हाताळतात. सकाळी एक तुकडी उतरते, दुपारी दुसरी चढते, मधल्या काही तासांत अख्खं जहाज पुसून काढायचं असतं. हा विषाणू पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकतो. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की याचे अवघे १८ कण पोटात गेले तरी लागण होऊ शकते, आणि आजारी माणसाच्या चिमूटभर विष्ठेत ते अब्जावधी असतात.

आता तुमच्या आठ बाटल्या. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण फोडतं, म्हणून तेव्हा सॅनिटायझर उपयोगी पडलं. नोरोव्हायरसला तसं आवरणच नसतं, त्याच्यावर फक्त कडक प्रथिनांचं कवच असतं. त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. साबणाने तो मरतो असंही नाही. साबण आणि चोळणं यांनी तो कातडीवरून सुटतो आणि वाहतं पाणी त्याला घेऊन जातं. म्हणून साबण, चोळणं आणि वाहती धार, या तिन्ही गोष्टी लागतात. आठातल्या दोन बाटल्या बरोबर घ्या, त्या हात धुतल्यानंतरचा जोड म्हणून वापरा. बाकीच्या घरी राहू द्या आणि त्या जागी लिक्विड सोपच्या लहान बाटल्या ठेवा.

मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे नळ बारीक सोडून हात नुसता ओला करून काढायची आपल्याला सवय असते. जहाजावर ती सवय बाजूला ठेवा. तिथे समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी करतात किंवा बंदरावर भरून घेतात, त्यात क्लोरीन मिसळतात आणि ते सतत मोजतात. नळ नीट सोडा. हात ओला करा, साबण घ्या आणि वीस सेकंद चोळा, मनात सावकाश एक ते वीस मोजून. नखांच्या खाली, अंगठ्याभोवती, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली बहुतेकांचं राहून जातं. आईंनी बांगड्या वर सरकवाव्यात आणि बोटातल्या अंगठ्या निघण्याआधीच लॉकरमध्ये ठेवाव्यात. धुतलेला हात कागदी रुमालाने कोरडा करायचा. पदराला, ओढणीला किंवा दिवसभर खिशात असलेल्या रुमालाला पुसला तर धुण्याचा अर्धा उपयोग गेला. सार्वजनिक शौचालयातून निघताना तोच कागद हातात धरून दाराची मूठ ओढा आणि मग तो टाका. शक्य असेल तेव्हा आपल्याच केबिनमधलं शौचालय वापरा, भले त्यासाठी चार मजले उतरावे लागोत.

शौचालयाबद्दल आणखी थोडं, कारण यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही. अनेक जहाजांवर जेट स्प्रे नसतो. लहान मग किंवा प्रवासी स्प्रेची बाटली बरोबर घ्या. पाण्याने धुण्याची आपली पद्धत स्वच्छच आहे, पण तिच्यात हाताचा थेट संपर्क येतो. म्हणून नंतर साबण आणि ती वीस सेकंदं यांत तडजोड नको. मगाची मूठ आणि नळाची तोटी त्याच हाताने धरली जाते, त्यांनाही रोज साबण लावा. फ्लश करण्याआधी झाकण असेल तर पाडा. जहाजावरचं शौचालय हवेच्या दाबाने ओढून घेणारं असतं, त्यात ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड किंवा उरलेलं खाणं टाकलं तर ते तुंबतं आणि एका केबिनचा त्रास शेजारच्या केबिनींना होतो.

बुफेवर बहुतेक लोक एक चूक करतात. दारात हात धुतात, मग दोनशे जणांनी धरलेल्या चिमट्याने आणि डावाने वाढून घेतात आणि त्याच हाताने घास तोडतात. आपण हाताने जेवणारी माणसं, त्यामुळे ही चूक आपल्याला जास्त महागात पडते. क्रम उलटा करा: आधी वाढून घ्या, ताट टेबलावर ठेवा, एक जण ताटांपाशी थांबेल, बाकीचे हात धुऊन येतील, मग जेवण सुरू. चार वर्षांच्या मुलाला स्वतः वाढून घेऊ देऊ नका. मोबाईल जेवणाच्या टेबलावर आणूच नका. दिवसभर तो सगळ्या हातांतून फिरलेला असतो आणि आपण तो कधीच धूत नाही. पाण्याच्या मशीनच्या तोटीला बाटलीचं तोंड लावू नका, तिथे ठेवलेल्या ग्लासात पाणी घेऊन बाटलीत ओता. जिथे कर्मचारी वाढतात किंवा टेबलावर वाढून मिळतं ते उपाहारगृह बुफेपेक्षा केव्हाही बरं, आणि बऱ्याच जहाजांवर एक तरी असं उपाहारगृह तिकिटात धरलेलं असतं.

घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्यायचा विचार असेल तर आधी कंपनीचे नियम वाचा. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चढवू देत नाहीत, बंद पाकिटातला कोरडा खाऊ सहसा चालतो. मधल्या बंदरावर उतरलात तर समोर तळलेलं-शिजवलेलं गरम खा आणि सोलून खायची फळं घ्या. कापून ठेवलेली फळं, बर्फ आणि कच्चे किंवा अर्धवट वाफवलेले शिंपले टाळा. शिंपले समुद्राचं पाणी गाळून जगतात आणि त्या पाण्यातला विषाणू त्यांच्यात साठतो. नोरोव्हायरस ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेतही टिकू शकतो, त्यामुळे नुसती वाफ दाखवून भागत नाही.

जिन्यावरच्या कठड्याबद्दल एक सूचना खास वडिलांसाठी. हाताला विषाणू लागेल या भीतीने कठडा सोडून चालू नका. हलत्या जहाजावर साठीतला माणूस पडला तर कंबरेचं हाड मोडू शकतं, आणि ते जुलाबांपेक्षा फार वाईट. कठडा घट्ट धरा, तोंडाला हात लावू नका आणि पुढच्या जेवणाआधी हात धुवा.

पहिल्याच दिवशी कुणाला मळमळलं तर लगेच घाबरू नका. समुद्र लागला तर चक्कर येते, मळमळतं, उलटी होते. जहाजाच्या मधल्या भागात खालच्या मजल्यावर बसलं किंवा डेकवर उभं राहून क्षितिजाकडे पाहिलं की बरं वाटतं. त्यात जुलाब होत नाहीत, ताप येत नाही. उलटीबरोबर पातळ शौचाला झालं, पोटात कळा आल्या किंवा २४ तासांत तीनदा पातळ झालं, तर तो समुद्र नव्हे. जहाजाचे डॉक्टरही साधारण हाच निकष लावतात.

अशा वेळी केबिनमधल्या फोनवरून जहाजाच्या दवाखान्याला कळवा. चालत जाऊन रांगेत बसू नका, ते काय करायचं ते सांगतात. आता "खोलीत कोंडून ठेवतेत" याबद्दल. हो, खोलीतच थांबायला सांगतात, बहुतेक ठिकाणी लक्षणं थांबल्यावर २४ ते ४८ तासांपर्यंत. जेवण दाराशी येतं, सफाईला वेगळे कर्मचारी येतात, तुमचे कपडे-चादरी वेगळ्या पिशवीत जातात. चार रात्रींच्या सफरीत दोन दिवस खोलीत काढणं जिवावर येतं, ते समजतं. पण न सांगता बुफेला गेलेला एक माणूस जे करतो तीच पुढे बातमी होते. लपवण्यात तुमचंही नुकसान आहे: वडिलांची साखर आणि आईंचा बीपी बिघडला तर डॉक्टरांना सुरुवातीपासूनची माहितीच नसते. निघण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर बंदरावरच्या आरोग्य फॉर्ममध्ये तेही खरं लिहा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल सहसा वेगळं येतं आणि ते जड असतं. प्रवास विमा घेताना शुगर आणि बीपी लपवू नका, दावा नामंजूर होतो तो इथेच.

सेवेला कोण थांबणार, हे परभणीतच ठरवून ठेवा. घरात कुणी आजारी पडलं की उशाशी आई बसते. इथे ते टाळायचं. सात माणसांच्या दोन-तीन केबिन असतील, तर आजारी माणूस आणि एकच धडधाकट, तरुण माणूस एका केबिनमध्ये, बाकीचे दुसरीकडे. शौचालय वेगळं ठेवणं हा यातला सगळ्यात मोठा फायदा. केबिनमध्ये किंवा बाहेर उलटी झाली तर टॉवेलने पुसत बसू नका. उलटीचे बारीक थेंब हवेतून आजूबाजूला बरेच लांब पडतात. सगळ्यांना बाजूला करा, मुलाचे कपडे तिथल्या तिथे न झटकता पिशवीत बांधा आणि कर्मचाऱ्यांना बोलवा. त्यांच्याकडे शोषून घेणारी पावडर आणि योग्य जंतुनाशक असतं. ब्लीच तुम्हाला नेता येणार नाही, विमानात ते चालत नाही.

बॅगेत नक्की ठेवायचं ते ओआरएस: एक लिटरची दहा पाकिटं, ज्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं असेल. पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं तर मिश्रण घट्ट होतं आणि जुलाब वाढू शकतात. केबिनमधली बाटली अर्ध्या लिटरची असेल तर दोन बाटल्या लागतील. मिसळलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. प्रत्येक पातळ शौचानंतर मोठ्या माणसाने २०० ते ४०० मिली आणि भाच्याने १०० ते २०० मिली प्यावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एक-एक चमचा. मूल तहानेने गटागटा पितं आणि सगळं पुन्हा ओकतं, म्हणून कप त्याच्या हातात देऊ नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस म्हणून घेऊ नका. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, ती याचसाठी. कोल्ड्रिंक आणि फळांचा रस यांतल्या साखरेनेही जुलाब वाढतात.

"शुगर आहे म्हणून ओआरएस नको" असं वडील म्हणतील. एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं आणि आतड्याला मीठ-पाणी शोषून घ्यायला ते लागतंच. ते त्यांनी घ्यावं आणि ग्लुकोमीटरवर साखर जास्त वेळा तपासावी. त्याहून महत्त्वाचं काम निघण्याआधीचं आहे. दोघांच्या गोळ्यांची यादी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि "उलट्या-जुलाब होऊन जेवण गेलं नाही तर यातली कोणती गोळी थांबवायची आणि परत केव्हा सुरू करायची" हे कागदावर लिहून घ्या. मेटफॉर्मिन, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि बीपीची काही औषधं अंगातलं पाणी कमी असताना घातक ठरू शकतात. इन्सुलिन चालू असेल तर मनाने बंद करू नका. प्रतिजैविकांचा विषाणूवर उपयोग नाही. जुलाब एकदम थांबवणारी लोपेरामाइडची गोळी मुलाला कधीच नाही आणि ताप किंवा शौचात रक्त असेल तर मोठ्यांनाही नाही.

सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल सुस्त पडलं, उभं राहताच वडिलांना अंधारी आली, शौचात रक्त दिसलं, मोठा ताप चढला किंवा चमचाभर पाणीही पोटात टिकेना, तर ओआरएसवर विसंबून राहू नका. लगेच दवाखाना, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आता सत्यनारायण. जहाजावरचा शेवटचा नाश्ता उतरायच्या दिवशीचाच असतो. तिथून लक्षणं दिसायला लागू शकणारे ४८ तास मोजले तर विमानाने मुंबई आणि पुढे देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने परभणी गाठून दुसऱ्या दिवशी पूजेला बसेपर्यंत हा काळ जेमतेम संपत असेल. लक्षणं दिसण्याच्या थोडं आधीही विषाणू शौचावाटे बाहेर पडू शकतो, म्हणजे ठणठणीत दिसणाऱ्या हातानेही तो साठ जणांच्या पानात जाऊ शकतो. म्हणून पूजा चार-पाच दिवस पुढे ढकला. सफरीत कुणी आजारी पडलं असेल तर त्या माणसाने शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन किमान ४८ तास जाईपर्यंत दुसऱ्यांसाठी काहीही शिजवायचं-वाढायचं नाही. बरं झाल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ शौचातून विषाणू जात राहतो, तेवढे दिवस त्याने हात धुण्यात हयगय करू नये. घरचं शौचालय आणि उलटीची जागा ब्लीचने पुसा: ४ टक्क्यांचं द्रावण असेल तर १२५ मिली ब्लीचमध्ये पाणी घालून ते एक लिटर करा, किंवा एक लिटर पाण्यात ताज्या ब्लीचिंग पावडरचे १५ ग्रॅम घाला. पाच मिनिटं ओलं राहू द्या, मग पाण्याने पुसा. रोज नवं द्रावण करा. त्यात शौचालय साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. नुसत्या फिनेलवर या विषाणूच्या बाबतीत भरवसा ठेवू नका.

तारीख हलवणं अगदीच शक्य नसेल, तर स्वयंपाक सफरीला न गेलेल्या माणसांकडे द्या. आई-वडिलांनी पूजेला बसावं, पण स्वयंपाकघरात जाऊ नये. भात-वरण उकळून निघतं, त्याची काळजी कमी. काळजी आहे ती न शिजवलेल्या आणि हाताने वाटायच्या गोष्टींची: पंचामृत, केळ्याचे काप, कोशिंबीर, तळहातावर ठेवायचा शिरा. पंचामृत सफरीला न गेलेल्या माणसाने कालवावं, तीर्थ पळीने द्यावं, शिरा चमच्याने द्रोणात वाढावा, केळी न कापता अख्खी द्यावीत, आणि पानं मांडण्याआधी साबण व पाण्याचा तांब्या घेऊन कुणीतरी दाराशी उभं राहून पाहुण्यांच्या हातावर धार धरावी.